ओरेस्तेच्या पक्षाचा वाज

कुवेतच्या वाळवंटात, सुलैबियाच्या छावणीतल्या जेवणघरात दोन टेबलं होती. एक लांबलचक. त्यावर पाण्याच्या कंपनीतले झाडून सगळे इटालियन बसायचे, एकमेकांच्या ताटातलं उचलायचे, भांडायचे, गायचे. दुसरं खिडकीजवळचं, एका माणसापुरतं. तिथं ओरेस्ते फोर्नारी नावाचा पाइपांचा फोरमन पाठ ताठ करून एकटा जेवायचा.

नूरुद्दीन त्या छावणीत भंडारी म्हणून लागला सत्तावन्न साली. जहाजावरच्या स्वयंपाक्याला कोकणात भंडारी म्हणतात. जिनोव्हाच्या एका मालबोटीवर तो मकरोनी शिजवायला शिकला होता, तेवढ्यावर ही नोकरी मिळाली. पहिल्या आठवड्यात त्याला वाटलं, खिडकीवाल्याला काहीतरी आजार असणार.

"आजार नाही," लांब टेबलावरचा जिनो वेल्डर म्हणाला. "तो सोशल-डेमोक्रॅट आहे."

"लागतो का तो दुसऱ्याला?"

"आमच्या देशात तरी फारसा कोणाला लागत नाही," जिनो म्हणाला, आणि सगळं टेबल हसलं. ओरेस्ते हसला नाही. त्यानं पाव मोडला आणि रस्सा पुसून घेतला.

आता इथं नूरुद्दीनच्या स्वभावातली एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं. त्याला वाजाचं वेड होतं. वाज म्हणजे मौलवीचं प्रवचन, पण नुसतं बोललेलं नव्हे, गाऊन सांगितलेलं. रत्नागिरीच्या खाडीकाठी त्याचं काजरवेल गाव. तिथं रबिलवलमध्ये, नबींच्या जन्माच्या महिन्यात मशिदीपुढं मांडव पडायचा. पाहुणा मौलवी नबींची हकिकत सांगता सांगता आवाज असा उचलायचा की पडद्याआडून बायकांचे हुंदके ऐकू यायचे आणि बाहेर खाडीत होडी वल्हवणाराही वल्हं थांबवायचा. ज्यानं असा वाज ऐकलाय त्याला हे सांगायला नको. माणसाच्या मनावरून कोरडं बोलणं निसटून जातं, गाणं मात्र मुरतं. नूरुद्दीनचं मन तर लहानपणापासून असं मुरत आलेलं. सुरात सांगितलेली गोष्ट अर्धवट असू शकते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. यात त्याला कुणी हसू नये. अल्लाच्या भोळ्या माणसांची ही जुनीच खोड आहे.

आणि ओरेस्ते आपल्या पक्षाची हकिकत सांगायला लागला की त्याचा आवाज तसाच चढायचा.

जेवणं उरकली की नूरुद्दीन त्याची कॉफी घेऊन खिडकीशी जायचा. जहाजावरची हिंदुस्थानी, बाजारातली अरबी आणि स्वयंपाकघरातली इटालियन, या तिन्हींची खिचडी करून दोघं बोलायचे.

"सत्तेचाळीसचा जानेवारी, नूरू," ओरेस्ते सुरू करायचा. "रोमला थंडी. आमच्या मोठ्या समाजवादी पक्षाचं अधिवेशन. लढाई संपलेली, मुसोलिनी गेलेला. वाटत होतं, आता गरिबाचं राज्य. पण आमचे पुढारी कम्युनिस्टांच्या गळ्यात गळा घालून बसलेले. तिकडे मान हलली की इकडे हलणार. आम्ही म्हणालो, गरिबाला भाकर पाहिजे तसं तोंडही पाहिजे. भाकर देऊन त्याचं तोंड शिवू नका. कुणी ऐकलं नाही. मग आम्ही उठलो. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या राजवाड्यात जमलो, आणि तिथं वेगळा पक्ष मांडला. मी दाराशी उभा होतो. दालनात इतके लोक, की थंडीतही भिंतींना घाम आला होता."

"सगळे आले तुमच्याबरोबर?"

"खासदार पुष्कळ आले. कामगार थोडे. शाखा, कचेऱ्या, वर्तमानपत्र, सगळं मागं राहिलं." तो कॉफीचा घोट घ्यायचा. "जिनो मागं राहिला. आम्ही एका गल्लीतले, एका गोदीत कामाला, एका शाखेत. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही. कंपनी आमच्याच गावातून वेल्डर उचलते, म्हणून इथं वाळवंटात येऊनही समोर जिनोच!"

पुढचं पुढचं तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. पक्षानं नाव किती वेळा बदललं. खूण म्हणून समुद्रातून वर येणारा सूर्य कसा घेतला. त्रेपन्न साली सरकारवाल्यांशी मिळून निवडणुकीचा एक कायदा केला. ज्यांच्या आघाडीला अर्ध्याहून जास्त मतं, त्यांना जागांचा मोठा वाटा. लोक त्याला लबाडीचा कायदा म्हणाले. थोडक्या मतांनी तो वाटा हुकला, आणि ओरेस्तेच्या पक्षाचीच मतं गळाली. छप्पन्न साली दोन्हीकडचे पुढारी फ्रान्सच्या डोंगरात भेटले, एक होऊ म्हणाले, झाले नाहीत. नूरुद्दीनला हे मधलं सगळं गुंत्याचं वाटायचं.

"ते राजवाड्याचं सांगा, सिन्योर," तो म्हणायचा. "उठून गेलात ते."

आणि ओरेस्ते पुन्हा सांगायचा. दर वेळी भिंतींना घाम यायचा, आणि दर वेळी नूरुद्दीनच्या अंगावर काटा.

शहरात, मिरकाबच्या जुन्या घरांच्या दाटीत, काजरवेलवाल्यांची खोली होती. गावचा कुणीही कुवेतला उतरला की आधी तिथं ट्रंक ठेवणार. खोलीचा कारभारी कमाल, नूरुद्दीनचा चुलतभाऊ, एका अरब व्यापाऱ्याच्या पेढीवर मुनीम. वयानं मोठा, शब्दाला जड. गुरुवारी संध्याकाळी, मगरिबच्या नमाजीनंतर, खोलीत मौलूद व्हायचं. नबींच्या जन्माची ती गाऊन वाचायची हकिकत नूरुद्दीन वाचायचा. शेवटी नबींना करायच्या सलामाला सगळे उठून उभे राहायचे. सुलैबियाहून पाण्याच्या लॉरीत बसून, धुळीनं पांढरा होऊन, तो त्यासाठी यायचा.

गावची जमात लांब, पण दोरी या खोलीत होती, कारण मशीद कुवेतच्या कमाईवर उभी. जमातीकडे दोन वस्तू. लग्नाचं जेवण शिजवायच्या मोठ्या डेगी, आणि मशिदीच्या पडवीत टांगलेला जनाजा, मय्यत न्यायची लाकडी खाट. जमातीत असाल तर तुमच्या दारी डेगी येतात आणि तुमच्या माणसाला अख्खं गाव खांदा देतं. जमातीबाहेर गेलात, तर तुमचं तुम्ही बघा.

नूरुद्दीनची आई खैरुन्निसा म्हातारी झाली होती. दर रजेत निघताना ती त्याचा हात धरून एकच सांगायची, "नूरू, मना चार जणांनी न्यायची पाळी आणू नको हां. तुझ्या बापाला गावानं नेला. खांदा बदलायला रांग लागली होती. मना पण तशीच जायची हाय. दुसरं काय मागत नाय तुझ्याकडं."

"काय आई, जायच्या वेळेला हेच बोलतेस!"

"मग कधी बोलू? आल्यावर तू झोपून असतोस."

कुवेत स्वतंत्र झालं त्याच्या पुढच्या वर्षी खोलीत ठिणगी पडली. कमालची उठबस शेजारच्या मशिदीतल्या शिकलेल्या लोकांत वाढली होती. एका गुरुवारी, मौलूदची पोथी उघडायच्या आतच तो म्हणाला, "आजपासून उभं राहायचं बंद. हे मागाहून घातलेलं हाय. वाचायचं तर वाचा, पण गाऊन नाय, नि सलामाला कोण उठणार नाय."

"गायचं नाय तर काय हिशेब वाचल्यासारखं वाचू?" नूरुद्दीन म्हणाला.

"तुना गळा हाय म्हणून दीन नाय बदलत, नूरू."

मजीद शिंपी, खोलीतला सगळ्यात थट्टेखोर म्हातारा, म्हणाला, "कमालभाई, मी तर तसाही गुडघ्यामुळं उशिरा उठतो. उठेपर्यंत सलाम संपतो. मना चालेल ना?"

कुणीतरी हसलं. कमाल नाही हसला. "ज्याला चालत नाय त्याला दार उघडं हाय," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारपर्यंत नूरुद्दीनला जेवण गोड लागलं नाही. कॉफी देताना त्यानं ओरेस्तेला विचारलं, "सिन्योर, आपल्याच माणसांनी आपलं तोंड शिवलं, तर?"

ओरेस्तेनं कप खाली ठेवला. डोळ्यांत तोच राजवाडा. "उठायचं, नूरू. ताठ उठायचं. थोडे राहिलो तरी स्वच्छ राहतो."

नूरुद्दीन उठला. त्या गुरुवारी त्यानं सलाम उभ्यानं गायला, सगळा, शेवटपर्यंत. मग पोथी बगलेत मारून दाराबाहेर गेला. मागून मजीद आला, आणि आणखी मोजके जण. जिन्यात मजीद म्हणाला, "जायचं कुठं ते ठरलंय का नुसतं निघालोय?" ते ठरलं नव्हतं. मजीदच्या शिलाईच्या दुकानामागं, कापडाच्या तागांत, नवी जमात बसली.

कमालनं गावी कळवलं. काजरवेलच्या जमातीनं बाहेर पडलेल्यांच्या घरांना डेगी आणि जनाजा बंद केला. यूसुफ, बोटीवरचा खलाशी, मुंबई-बसरा करत असायचा. गावचे निरोप त्याच्याच तोंडून यायचे. तो म्हणाला, "नूरभाई, खैरुचाची काय बोलत नाय. तुझी बायको सुरैया बोलली, चाची रोज मशिदीच्या पडवीपाशी जाते नि त्या जनाज्याकडं बघून येते."

नूरुद्दीननं हे ऐकलं आणि रात्रीचा भात करपवला. पण मागं फिरला नाही. ओरेस्ते म्हणायचाच ना, सुरुवातीला असंच असतं.

लहान जमातीची वर्षं फार सुखाची गेली नाहीत. माणसं कमी म्हणून भांडणं कमी, असं काही होत नाही. इमाम कोण, पुढच्या रांगेत कोण, मौलूदचा हलवा गोड किती, यावरूनही दोघं-तिघं रुसून घरी बसले. चौसष्ट साली ओरेस्तेच्या पक्षाचा पुढारी इटलीचा राष्ट्रपती झाला. ओरेस्तेनं छावणीला केक वाटला. जिनोनं आपला तुकडा कुत्र्याला घातला. नूरुद्दीनला मात्र धीर आला. एवढासा पक्ष, आणि देशाच्या गादीवर त्यांचा माणूस! म्हणजे धरून बसलं की फळ येतं.

मग सहासष्टचा ऑक्टोबर. एका दुपारी नूरुद्दीन भांडं घेऊन बाहेर आला आणि दारातच थबकला. ओरेस्ते लांब टेबलावर बसला होता. जिनोच्या शेजारी. दोघांच्या मध्ये एक वर्तमानपत्र. त्यात दोन्ही पक्षांच्या खुणा एकाच वर्तुळात, शेजारी शेजारी छापलेल्या.

"एक झालो, नूरू!" ओरेस्ते ओरडला. "एकोणीस वर्षांनी!"

"एका चुलीवर दोन पातेली ठेवलीत," जिनो खूण दाखवत म्हणाला. "बघू, आधी कुठलं उतू जातं."

नूरुद्दीननं दोघांना मकरोनी वाढली आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्याला आई दिसत होती, पडवीपाशी उभी.

शुक्रवारी तो मिरकाबचा जिना चढला. कमालनं त्याला बसवलं, चहा मागवला. बराच वेळ दोघं कापसाच्या भावावर बोलले. शेवटी नूरुद्दीन म्हणाला, "कमालभाई, आई थकली."

"माहीत हाय मना," कमाल म्हणाला. "माझी पण चाची हाय ती. तिच्या हातचं खाऊन वाढलो मी."

समेट झाला. महिन्यातून एका गुरुवारी मौलूद गाऊन होईल. सलामाला ज्याला उठायचं त्यानं उठावं, ज्याला नाही त्यानं बसावं, कुणी कुणाला बोलू नये. गावी निरोप गेला. यूसुफनं परत येऊन सांगितलं की खैरुन्निसानं त्या दिवशी सगळ्या वाडीला शिरखुर्मा वाटला, ईद नसताना.

यात खोट कुठं राहिली? भांडण मिटवलं नाही, नुसतं एका छपराखाली आणून ठेवलं. उभे राहणारे उभे राहताना खाली बघायचे, बसलेले वर बघायचे, आणि त्या बघण्यात दर महिन्याला थोडं थोडं साठत गेलं. छावणीतही तसंच. अडुसष्टच्या मे महिन्यात निवडणूक झाली. एक झालेल्या पक्षाला, दोघांना आधी वेगवेगळी मिळायची त्याहून बरीच कमी मतं पडली. जिनो म्हणे, तुमच्या सूर्यानं आमचं दूध नासवलं. ओरेस्ते म्हणे, तुम्ही मनानं कधी आलाच नाही. अजून बसत होते शेजारी, पण मध्ये पावाची टोपली ठेवून.

एकोणसत्तरच्या जूनमध्ये मिरकाबच्या खोलीत सलाम सुरू होता. यूनुस, कमालचा जावई, नुकताच आलेला, पाय पसरून बसला होता. मजीद म्हातारा उभा होता, डोळे मिटून, गालावरून पाणी. त्याचा हात खाली गेला आणि त्यानं यूनुसला दंडाला धरून वर ओढलं. मायेनं ओढलं की रागानं, ते मजीदलाही सांगता आलं नसतं. यूनुसनं हात झटकला. म्हातारा भिंतीकडच्या एका ट्रंकेच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटला. रक्त आलं. मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. समेट त्या संध्याकाळीच संपला. मजीद आणि त्याचे लोक पुन्हा दुकानामागं गेले.

नूरुद्दीन मात्र कुणाकडेच गेला नाही. तो सुलैबियाला गेला आणि दोन्हीकडचे निरोप येऊ दिले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर उन्हात, कमाल टॅक्सी करून छावणीवर आला. हातात तार. आई फार आजारी, एवढंच तिच्यात.

"ऐक," कमाल म्हणाला. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. "गावात पण फूट पडली. तिथले विचारतात, खैरुचाचीचं घर कुठल्या जमातीत. तू घरचा कर्ता. तुझ्या नावानं एक तार गेली पाहिजे, मी कमालबरोबर हाय म्हणून. मग गाव उचलेल तिला."

"नि मौलूद?"

"ते नाय आता. मजीदनं हात लावला यूनुसला. मी तरी कुठवर सांभाळू?"

"तूच का नाय तार करत? चाची म्हणतोस तिला!"

"माझ्या सांगण्यानं नाय होत ते, नूरू. ज्याचं घर त्याचा शब्द लागतो. कायदा मी नाय केला."

"मना उद्यापर्यंत वेळ दे."

कमालनं त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्याकडं असेल वेळ," तो म्हणाला. "तिच्याकडं किती हाय ते अल्लाला माहीत."

आणि नूरुद्दीन कुठं गेला? बारा वर्षांची सवय. तो खिडकीशी गेला. ओरेस्ते पुन्हा तिथं बसला होता, छोट्या टेबलावर, एकटा. समोर रेडिओ. रोममध्ये पक्ष आदल्या दिवशी पुन्हा फुटला होता. त्याचे लोक पुन्हा उठून गेले होते.

नूरुद्दीननं सगळं सांगितलं. ओरेस्तेनं ऐकलं की नाही कोण जाणे. त्याचे गाल पेटले होते.

"बघ नूरू, आम्ही पुन्हा उठलो! पुन्हा लहान झालो. झुकून एक होण्यात काही राम नाही, हे तीन वर्षांत कळलं. तू झुकू नको." आणि आवाज वर चढला, तोच, भिंतींना घाम आणणारा.

नूरुद्दीन ऐकत राहिला. देवानं दिलेला कान कधी कधी असा बुडवतो. ती दुपार गेली, ती संध्याकाळ गेली. फजरची नमाज पढून तो जानमाजवर बसून राहिला, आणि सुरापासून लांब, पहाटेच्या शांततेत, त्याला आईचा आवाज ऐकू आला: दुसरं काय मागत नाय. तो उठला. पहिल्या लॉरीत बसून शहरात गेला, तारघर उघडायच्या आधी दारात उभा राहिला, आणि कमालनं सांगितलं होतं तशीच तार केली.

उत्तर आलं नाही. आली ती दुसऱ्याच दिवशी दुसरी तार: आई गेली, दफन झालं.

बाकीचं यूसुफनं आणलं. तो त्या वेळी रजेवर गावीच होता. महिन्याच्या शेवटी बोट लागली आणि तो सरळ सुलैबियाला आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, टोपी हातात फिरवत, त्यानं सांगितलं.

"तू तार केलीस ना, तो दिवस उजाडायच्या आत गेली चाची. दुपारी जोहरच्या नमाजीला सगळा गाव मशिदीत. जमातीचा मुकादम बोलला, नूरुद्दीनचा शब्द नाय आला, जनाजा काढता येणार नाय. थांबू या असरपर्यंत. थांबले. पण तार रत्नागिरीस्न आली ती दुसऱ्या दिवशी, भिजलेल्या शिपायाबरोबर. पाऊस किती होता तुना काय सांगू! असरनंतर ठेवता येईना. मग आम्ही चौघं-पाच जण. घराचं दार काढलं बिजागरीतून. त्याच्यावर घेतली."

"गाव?"

"गाव दारात उभं होतं, नूरभाई. खालच्या आळीपासून वरपर्यंत. बायका रडत होत्या. कमालभाईची आई, कुबराचाची, तर गडग्यापर्यंत आली चिखलात. तिला पोरांनी मागं ओढली. पुरुष उभे. कोण पुढं आला नाय. आमचे खांदे दुखले, तर बदलायला माणूस नव्हता. दोनदा खाली टेकवावी लागली."

नूरुद्दीननं चुलीवरचं पातेलं उतरवलं, मग पुन्हा ठेवलं. "मौलूद?" त्यानं विचारलं.

"पावसात काय ऐकू येणार!"

त्या दुपारी तो ओरेस्तेची कॉफी घेऊन गेला. कप ठेवून मागं वळला नाही.

"सिन्योर, तुमची आई?"

"गेली. पन्नास साली. का रे?"

"तुम्ही तेव्हा फुटून बाहेर पडलेले होतात. तिला कुणी उचललं?"

ओरेस्ते खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर पाइप तापून थरथरत होते. "आम्ही थोडे होतो," तो म्हणाला. "शाखेतले सात-आठ. पेटी दारातून बाहेर काढली, आणि कोपऱ्यावरून जिनो आला. कामावरचे कपडे. आला, पुढचा दांडा माझ्या शेजारी धरला. त्याच्या मागं गल्लीतले बाकीचे आले, लाल रुमालवाले सगळे. दफनभूमीपर्यंत नेली. जिनो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. खाली ठेवली, आणि निघून गेला."

"हे मला तुम्ही कधी सांगितलं नाही."

"यात पक्षाचं काय आहे?" ओरेस्ते खरोखरच गोंधळून म्हणाला. "ही काय पक्षाची हकिकत आहे?"

नूरुद्दीननं वळून पाहिलं. लांब टेबलावर जिनो पाव चावत होता. मग नूरुद्दीन म्हणाला, "बरोबर आहे, सिन्योर," आणि आत गेला. त्यानंतर त्यानं ओरेस्तेला कॉफी रोज दिली, पण उभं राहून ऐकलं नाही.

कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. लांब गेलेल्या माणसासाठी, मय्यत समोर नसताना, गायबाना नमाज पढायची आमच्यात रीत आहे. नूरुद्दीननं दोन्हीकडे स्वतः जाऊन सांगितलं: शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, असरला, छावणीच्या मागच्या मोकळ्या मैदानात, माझ्या आईची नमाज. ज्याला यायचं त्यानं यावं. तो कुणाच्या खोलीत पढणार नव्हता.

आले सगळे. कमाल आला, त्याच्याबरोबर यूनुस आणि खोलीतले. मजीद आला, कपाळावर अजून खूण, त्याच्यामागं त्याचे. तूज सुटला होता, वाळूचं वारं, आणि माणसं डोक्याला रुमाल बांधून डोळे बारीक करून उभी होती. रांग लागली. मुलगा म्हणून इमामत नूरुद्दीनची. तो पुढं झाला, आणि नियत बांधून नमाज सुरू करण्याआधी, इमामानं बघायचं असतं तसं, मागं वळून सफ, म्हणजे रांग, सरळ आहे का पाहिलं.

सफ सरळ होती. पण मधोमध, कमाल आणि मजीद यांच्यामध्ये, एका माणसाची जागा मोकळी होती.

"मधली जागा भरा," नूरुद्दीन म्हणाला. इमाम हे रोज म्हणतो, आणि माणसं न बघता सरकतात.

कुणी सरकलं नाही. कमालनं पायाखालची वाळू बघितली. मजीदनं आभाळ.

"सफ जोडा," तो पुन्हा म्हणाला. "भाईनो, माझ्या आईसाठी."

यूनुसनं सासऱ्याकडे बघितलं. सासरा हलला नाही. वाळू त्या मोकळ्या जागेतून भुरभुरत पुढं येत होती.

नूरुद्दीन इमामाच्या जागेवरून मागं आला. त्या फटीत जाऊन उभा राहिला. एक खांदा कमालला लागला, एक मजीदला. सफ भरली.

आता इमामाच्या जागी कुणी नव्हतं, आणि तो परत पुढं गेला तर फट पुन्हा पडणार होती. नूरुद्दीननं दोघांना विचारलं, "तुम्ही जा कोणीतरी." कमाल मजीदमागं उभा राहणार नव्हता, आणि मजीद कमालमागं. बाकीचे आपापल्या माणसाकडे बघत राहिले. यूसुफ, ज्यानं तिला उचलली होती, शेवटच्या टोकाला उभा होता. त्याला कुणी पुढं हो म्हटलं नाही, आणि तो आपणहून झाला नाही.

असरचं ऊन उतरायला लागलं. वारं थांबेना. शेवटी नूरुद्दीननं हात कानांपर्यंत नेले आणि हळू, फक्त आपल्यापुरतं, अल्लाहु अकबर म्हटलं. क्षणभरानं डावीकडे कमालनं म्हटलं, मग उजवीकडे मजीदनं, मग इकडून एक, तिकडून एक. एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या त्या माणसांनी, इमामाशिवाय, प्रत्येकानं आपली आपली वेगळी, खैरुन्निसाची नमाज पढली. ज्याची आधी संपली, त्यानं दोन्हीकडे मान वळवून शेवटचा सलाम फिरवला, चप्पल शोधली, आणि दुसऱ्यांची होईपर्यंत न थांबता तो लॉरीकडे चालू लागला.